आजी म्हणू, काकू म्हणू की नावाने? रुग्णाला हाक कशी मारावी याविषयी नर्सेससाठी सविस्तर

सकाळच्या ओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना एका स्टाफने दुसरीला वॉर्ड सोपवताना, उभं राहिल्यावर एकदा नुसता कान द्या. ‘सहा नंबरची सलाईन संपत आलीय.’ ‘तो हर्निया उपाशी ठेवायचाय.’ ‘कोपऱ्यातली आजी रात्रभर ओरडत होती.’ ‘रात्री एक पॉयझनिंगची केस आलीय.’ अख्ख्या वॉर्डाची माहिती दिली-घेतली जाते आणि त्यात माणसाचं नाव एखाद-दुसरंच येतं. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. एका स्टाफच्या वाट्याला तीस-चाळीस खाटा आल्या की नंबर आपोआप जिभेवर बसतो. पण खाटेवरचा माणूस हे सगळं ऐकत असतो. कालपर्यंत जो गावचा पोलीस पाटील, शाळेतल्या बाई किंवा घरचा कर्ता होता, त्याला आज कळतं की इथे आपण ‘सहा नंबर’ आहोत.

हाकेचा प्रश्न आम्हाला नर्सिंगच्या अभ्यासात ‘संवादकौशल्य’ या धड्यात दोन ओळींत उरकून शिकवला जातो. प्रत्यक्षात तो रोज, दर अर्ध्या तासाला समोर येतो. त्यावर माझं म्हणणं एवढंच आहे: ओळख पटवणं आणि हाक मारणं ही दोन वेगळी कामं आहेत. ओळख पटवायला केसपेपरवरचं पूर्ण नाव लागतं, त्यात कसलीही सवलत नाही. हाक मात्र त्या माणसाला विचारून ठरवायची. एकाच नावाने दोन्ही कामं उरकायला गेलं की कधी चुकीचं इंजेक्शन दिलं जातं, तर कधी माणूस दुखावला जातो.

आधी आपलं नाव सांगा, मग त्यांचं विचारा

अॅडमिशनच्या वेळी बीपी, तापमान घ्यायच्या आधी किंवा घेता घेता हे बोलून घ्यायचं. वाक्य साधं असावं:

‘नमस्कार, मी वैशाली. आज रात्री आठपर्यंत तुमच्याकडे मी आहे. तुमचं पूर्ण नाव सांगता का?’ नाव सांगितलं की ते केसपेपरशी ताडून बघा. मग दुसरा प्रश्न: ‘आणि आम्ही तुम्हाला काय म्हणून हाक मारू? घरी काय म्हणतात?’

पहिल्यांदा बरेच जण म्हणतात, ‘काहीही म्हणा हो.’ तिथे थांबू नका. दोन पर्याय द्या: ‘शांताबाई म्हणू की आजी?’ मग खरं उत्तर मिळतं. आपल्याकडे घराघरांत हाकेची नावं किती आहेत, ते इथे कळतं. केसपेपरवर ‘पांडुरंग’ असलेला माणूस आयुष्यभर ‘तात्या’ असतो. कुणी अण्णा, कुणी आप्पा, कुणी भाऊ, कुणी नाना. बायकांमध्ये अक्का, माई, जिजी, बेबीताई. निवृत्त शिक्षक ‘गुरुजी’ म्हटलं की उठून बसतात. काही जणांना मात्र ‘श्री. कुलकर्णी’ असंच हवं असतं, आणि तेही तितकंच बरोबर आहे. सलगी न आवडणारा माणूस खडूस नसतो, त्याला तेवढं अंतर हवं असतं.

आपलं नाव सांगण्याची सवय आपल्याला कमी आहे, कारण सगळे आपल्याला ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखतात. ब्रिटनमधल्या डॉक्टर केट ग्रेंजर यांना कर्करोग झाला होता. २०१३ साली त्या रुग्ण म्हणून दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्यावर उपचार करणारे अनेकजण स्वतःचं नावच सांगत नाहीत. त्यातून त्यांनी ‘नमस्कार, माझं नाव...’ अशा अर्थाची मोहीम सुरू केली आणि ती तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत सर्वदूर पोचली. २०१६ मध्ये त्या गेल्या. आपल्या वॉर्डात हे करायला ना पैसा लागतो ना परवानगी. बिल्ला उलटा लटकत असेल तर सरळ करा आणि तोंडानेही नाव सांगा, कारण मोतीबिंदू असलेल्या आजोबांना तो बिल्ला वाचता येत नाही.

कॅज्युअल्टीत माणूस धापा टाकत असताना हे प्रश्न विचारत बसू नका. तेव्हा पूर्ण नाव पुरे. स्थिर झाल्यावर, वॉर्डात आल्यावर विचारा.

विचारलं ते लिहून ठेवा

सकाळच्या स्टाफने ‘अण्णा’ म्हणायचं आणि नाइटच्या स्टाफने ‘ओ बाबा’, असं झालं तर विचारण्याला अर्थ उरत नाही. म्हणून ते कागदावर यायला हवं. नर्सेस नोट्सच्या पहिल्या पानावर वर, ‘हाक: अण्णा’ एवढे दोन शब्द पुरतात. ओव्हरच्या वहीत खाट नंबर, पूर्ण नाव, वय, निदान हे रकाने असतातच, त्यांत हाकेचा एक रकाना वाढवा. खाटेच्या डोक्याशी पाटी किंवा व्हाइटबोर्ड असेल तर हाकेचं नाव तिथे लिहायला हरकत नाही. फक्त त्या पाटीवर आजाराचं नाव नको. येणारा-जाणारा, शेजारच्या खाटेचा भेटायला आलेला, सगळे ते वाचतात.

मग ओव्हर देताना वाक्य असं होतं: ‘सहा नंबरवर पांडुरंग विठ्ठल शिंदे, आपण अण्णा म्हणतो. हर्नियाचं ऑपरेशन आज, रात्री बारापासून उपाशी.’ जुन्या वाक्यापेक्षा हे दोन-तीन सेकंदांनी लांब आहे. पण ऐकणारीच्या डोक्यात खाट, नाव आणि माणूस एकत्र बसतो, आणि चूक पकडायची जागाही तयार होते.

औषध, रक्त, सॅम्पल, ओटी: इथे पूर्ण नावच

अण्णांशी तुमची कितीही ओळख झालेली असो, इंजेक्शन भरून हातात घेतलं की दर वेळी पूर्ण नाव विचारायचं. आणि विचारताना प्रश्न उघडा ठेवायचा. ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारलं की भेदरलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुकताच भुलीतून उठलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हटलं की त्यालाच सांगावं लागतं. आपल्याकडे एका वॉर्डात दोन पाटील, दोन जाधव असणं रोजचंच आहे. ‘सुनीता जाधव’ही दोन असू शकतात. म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव धरून तीन शब्दी नाव आणि त्याच्या जोडीला दुसरी एक खूण, म्हणजे केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख.

खाट नंबर ही खूण कधीच धरायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेबद्दल ज्या सूचना दिल्या, त्यांत किमान दोन ओळखखुणा तपासायला सांगितलं आहे आणि खोलीचा नंबर त्यांत चालणार नाही, असंही. रुग्णालयांच्या दर्जासाठीच्या एनएबीएच मानांकनातही हेच तपासलं जातं. कारण उघड आहे. रात्री दोन वाजता सिरियस पेशंट आला की दारापाशी घेतात, दारापाशी असलेल्याला आत सरकवतात, आणि सकाळी ‘चार नंबरचं इन्सुलिन’ चार नंबरवर नव्याने आलेल्या माणसाला दिलं जाऊ शकतं.

पूर्ण नाव पुन्हा पुन्हा विचारल्याने लोक वैतागतात, ‘किती वेळा विचारता?’ म्हणतात. तेव्हा कारण सांगून टाका: ‘अण्णा, मी ओळखते तुम्हाला. पण औषध देताना दर वेळी नाव विचारायचंच, तुमच्याच सुरक्षिततेसाठी.’ हाकेने सुरुवात आणि पूर्ण नावाने खात्री, असं एकाच वाक्यात बसतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि काही घरांत लग्नात बदललेलं पहिलं नाव. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि तोंडाने सांगतील ते तिसरं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव नोंदवताना कागदपत्रांवरचं नाव लागतं, त्यामुळे केसपेपरवर ‘संगीता’ लागतं आणि वॉर्डात ‘संगीता’ म्हणून ओरडलं तरी बाई वळून बघत नाही, कारण घरात तिला कुणी त्या नावाने बोलावतच नाही. ती ऐकत नाही, असा निष्कर्ष काढू नका. दोन्ही नावं विचारा, कागदावरचं ओळखीसाठी ठेवा आणि दुसरं हाकेच्या रकान्यात लिहा.

नवजात बाळाला तर नावच नसतं, बारसं व्हायचं असतं. पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव असतं. जुळ्यांच्या पट्ट्यांवर पहिलं-दुसरं हा क्रम आणि जन्मवेळ नीट तपासा, आणि आईशी बोलताना ‘ट्विन टू’ न म्हणता ‘तुमची धाकटी’ म्हणा. आईने बाळाला मनात एखादं नाव ठेवलं असेल तर ती सांगतेच.

नात्याची हाक

मराठी माणसाला नात्याशिवाय हाक मारता येत नाही. रिक्षावाल्याला दादा, भाजीवालीला मावशी, कंडक्टरला मामा किंवा काका. वॉर्डातही नात्याची हाक ही आपली ताकद आहे. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आजोबा, मी आहे ना’ म्हटलं की त्याचा हात सैल पडतो. ती सोडा, असं मी म्हणणार नाही. पण ती कुठे अडते, ते नीट माहीत हवं.

पहिली अडचण आपल्याच रुग्णालयांची आहे. ‘मावशी’ आणि ‘मामा’ ही नावं वॉर्डात आधीच वाटली गेली आहेत. मावशी म्हणजे आया, मामा म्हणजे वॉर्डबॉय. ‘मावशी, बेडपॅन आणा’ अशी हाक दिवसभर घुमत असते. त्याच वॉर्डातल्या साठीच्या बाईला ‘मावशी’ म्हटलं, तर एक तर दोघी वळून बघतात, नाहीतर तिला वाटतं की आपल्यालाच काम सांगितलं. तिला नावापुढे ‘ताई’ किंवा ‘बाई’ लावून बोलवा, किंवा तिला आवडत असेल तर काकू म्हणा. (आणि ज्या मावशींकडून आपण दिवसभर कामं करून घेतो, त्यांचंही नाव वॉर्डातल्या प्रत्येक स्टाफला माहीत असावं. शालनमावशी, मंगलमावशी. हा वेगळा विषय आहे, पण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

दुसरी अडचण वयाची. पांढरे केस, सुकलेला चेहरा आणि रुग्णालयाचा झगा या तिन्हींमुळे माणूस आहे त्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा दिसतो. किमोथेरपीने केस गेलेल्या बावन्न वर्षांच्या बाईला विशीतल्या स्टाफने ‘आजी’ म्हटलं तर ते तिला लागतं. केसपेपरवर वय लिहिलेलं असतं, ते बघा. शंका असेल तिथे खालची पायरी धरा: आजीऐवजी काकू, काकूऐवजी ताई. आणि विचारून झालेलं असेल तर शंका उरतच नाही.

तिसरी अडचण नात्यात दडलेल्या गृहीतकाची. ‘काकू’ म्हणताना लग्न झालं असेल असं धरलेलं असतं. ‘यांचे मिस्टर कुठे आहेत?’ हा प्रश्न लगेच मागून येतो. लग्न न केलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, विधवा बायकांना तो दर अॅडमिशनला झेलावा लागतो. ‘जवळचं कोण आहे? कुणाला फोन करायचा?’ एवढं विचारा. प्रसूतीच्या वॉर्डात ‘बाळाची आई’ ही हाक सर्रास असते. जिचं बाळ पोटातच गेलं किंवा जन्मल्यावर दगावलं, तिला ‘आई’ म्हणावं की नाही, याचं उत्तर आपण ठरवू शकत नाही. काही जणींना ते ऐकवत नाही, काहींना ‘मी आई झाले होतेच’ हे कुणीतरी मानावं असं वाटतं. तिच्या नावाने बोला, ती स्वतः बाळाबद्दल कोणत्या शब्दांत बोलते ते ऐका आणि तेच शब्द वापरा. आणि तिची खाट बाळंतिणींच्या रांगेतून हलवता येत असेल तर आधी ते करा.

चौथी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण आपल्या वॉर्डांत ती घडते. एका खाटेपाशी ‘जोशीकाका, बरं वाटतंय ना?’ आणि पुढच्या खाटेपाशी ‘ए कांबळे, उठ, बीपी बघायचंय.’ दोघे एका वयाचे, एकाच आजाराचे. आडनाव ऐकून, कपडे बघून, स्पेशल रूम आहे की जनरल वॉर्ड आहे हे बघून आपली हाक बदलते का, हे प्रत्येकीने स्वतःपुरतं तपासावं. वॉर्डातून एक फेरी मारताना कुणाला काका म्हटलं, कुणाला नुसतं आडनाव, कुणाला ‘ए’, कुणाला ‘अहो’, हे मनात टिपून ठेवा. पाच खाटांत कळतं. काका म्हणायचं तर त्या वयाच्या सगळ्यांना काका. साहेब म्हणायचं तर हमालालाही साहेब. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माणूस म्हणून प्रतिष्ठा आणि भेदभावाविना उपचार हे दोन्ही हक्क आहेत. ते आधी हाकेतून दिसतात, उपचार नंतर येतात.

मुसलमान रुग्णांना ‘चाचा’, ‘आपा’ म्हणणं जवळिकीचं वाटतं, पण तिथेही आधी विचारा. पुष्कळांची मातृभाषा मराठीच असते, आणि मिरजेचा किंवा कोकणातला माणूस म्हणतो, ‘काका म्हणा की!’ उत्तरेकडून आलेल्या कामगाराला मुंबईत ‘भैया’ म्हणतात. त्याच्या गावी ती भावाला मारायची हाक असली तरी आपल्याकडे तिला तुच्छतेचा वास लागला आहे. नावापुढे ‘जी’ लावा, प्रश्न मिटतो. गोव्याकडच्या माणसाला नावापुढे ‘बाब’ किंवा ‘बाय’ ऐकलं की घरच्यासारखं वाटतं.

अहो-जाहो आणि अरे-तुरे

प्रौढ माणसाला ‘तुम्ही’. यात वॉर्ड, वर्ग, शिक्षण, दारूचा वास, काही बघायचं नाही. कोकणातली किंवा घाटावरची म्हातारी तुम्हाला ‘तू’ म्हणेल, ‘पोरी, तू जेवलीस का?’ विचारेल. तो तिचा मान आणि माया आहे. म्हणून आपण तिला ‘तू’ म्हणायचं नाही. एखादी आजीच म्हणाली की ‘तुमच्या अहो-जाहोने परकं वाटतंय, तू म्हण’, तर म्हणा, आणि ते हाकेच्या रकान्यात लिहा, म्हणजे दुसऱ्या स्टाफला ते उद्धटपणाचं वाटणार नाही.

लहान मुलांना ‘तू’ आणि नाव. ‘बाळा’, ‘पिल्लू’, ‘सोन्या’ हे सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. पुढे नावानेच बोला. चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर ‘बाळा, शू झाली का?’ विचारलं तर तो लघवी अडवून धरेल, पण सांगणार नाही.

या विषयात सगळ्यात जास्त काम लेबर रूममध्ये बाकी आहे. एरवी ‘ताई’ म्हणणारी स्टाफ तिथे एकदम ‘ए बाई, ओरडू नको, पाय वर घे’ वर येते. कळा देणाऱ्या बाईला आजूबाजूचं ऐकू येत नाही असं आपण धरून चालतो. पण बायकांना आपल्या बाळंतपणात कोण काय बोललं ते म्हातारपणीही शब्दन् शब्द आठवतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहाच्या दर्जाबरोबर सन्मानाने होणारी प्रसूती हाही भाग आहे. हाकेपुरतं त्याचं भाषांतर असं: दर कळेला तिचं नाव घ्या. ‘रेश्मा, आता कळ येतेय, लांब श्वास घ्या. शाबास. रेश्मा, माझ्याकडे बघा.’ नाव घेऊन दिलेली सूचना लवकर पोचते. ओरडण्याने घाई होत नाही, नुसता गोंधळ वाढतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला ‘तुम्ही’ म्हणणं जिभेला जड जातं हे मला माहीत आहे. आठवड्याभरात जीभ वळते.

म्हाताऱ्या माणसांशी लाडे लाडे बोलणं हा उलट्या बाजूचा प्रकार. ‘चला, आता आपण गोळी खायची हं, शहाणी माझी आजी.’ बोलणारीला ते प्रेमाचं वाटतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या क्रिस्टिन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांच्या देखभालीचं चित्रण करून तपासलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की लाडिक, बालिश बोलणं झालं की वृद्ध जास्त विरोध करतात, आणि मोठ्या माणसासारखं बोललं की कमी. अंघोळीला हात झटकणाऱ्या, गोळी थुंकणाऱ्या आजींशी आपण त्याआधी कसं बोललो होतो, ते आठवून बघण्यासारखं आहे.

ज्यांना सांगता येत नाही

बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरचे, पक्षाघाताने बोलणं गेलेले, स्मृतिभ्रंश झालेले. यांची हाक घरच्यांना विचारायची. प्रश्न नेमका हवा: ‘यांना घरी काय म्हणतात? आणि लहानपणी काय म्हणायचे?’ स्मृतिभ्रंशात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं टिकून राहतं. म्हणून पन्नास वर्षं ‘सौ. देशपांडे’ असलेल्या आजी त्या नावाला ओळख देत नाहीत, आणि ‘छबू’ म्हटलं की मान वळवतात. माहेरचं नाव, माहेरची हाक इथे औषधासारखी कामाला येते. पण ते टोपणनाव आपण हसण्यावारी न्यायचं नाही, आणि ‘छबू’ म्हटलं तरी पुढे ‘तुम्ही’ कायम ठेवता येतं.

आयसीयूत तर याला सरळ क्लिनिकल महत्त्व आहे. शुद्धीची पातळी मोजायच्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये हाकेला डोळे उघडले तर तीन गुण, फक्त वेदनेला उघडले तर दोन. अशा वेळी कागदावरच्या अनोळखी नावाने एकदा पुटपुटून लगेच चिमटा काढू नका. घरी जी हाक असेल त्या हाकेने, कानाशी, स्पष्ट आणि मोठ्याने बोलवा. ऐकायचं यंत्र काढून ठेवलंय का, तेही बघा. भुलीतून उठवतानाही तसंच: ‘नाना, ऑपरेशन झालं. डोळे उघडा.’

आणि प्रतिसाद नसला तरी प्रत्येक कामाआधी नाव घेऊन सांगायचं. ‘नाना, मी आता तोंडातून नळीने कफ काढणार आहे, थोडा त्रास होईल.’ त्यांच्या अंगावरून दुसऱ्या स्टाफशी ‘याला जरा डावीकडे फिरव’ असं बोलायचं नाही. शुद्धीत असलेल्या माणसासमोर ‘यांनी जेवण केलं का?’ हे मुलाला विचारणं हाही त्याचाच भाऊ. आधी त्यांना विचारा. नाही सांगता आलं तर मुलाकडे वळा.

जिथे नाव मोठ्याने घ्यायचं नाही

आतापर्यंत नंबरविरुद्ध बोलले, पण काही ठिकाणी नंबरच सन्मानाचा असतो. एचआयव्हीवरच्या उपचारांचं एआरटी केंद्र, मानसोपचार ओपीडी, क्षयरोग विभाग, गर्भपाताची सेवा. तिथे बाकावर बसलेल्यांत गावचं कुणी असू शकतं. पूर्ण नाव पुकारलं की आजार जाहीर झाला. टोकन नंबर पुकारा, आत आल्यावर दार लावून नाव विचारा. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने आणि गर्भपाताबाबत २०२१ च्या दुरुस्तीने गोपनीयता ही कायदेशीर जबाबदारी आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीचं नाव तर ओव्हरमध्येही मोठ्याने नको. संबंधित स्टाफलाच, हळू आवाजात. ‘ती रेपकेस’ हा शब्दप्रयोग कुठल्याही वॉर्डात ऐकू येता कामा नये.

तृतीयपंथी व्यक्तीच्या केसपेपरवर जुनं नाव असू शकतं. औषध देताना ते ताडावं लागतं, तेव्हा खाटेजवळ जाऊन हळू विचारा किंवा पट्टीवर बघा. एरवी त्या जे नाव सांगतील तेच. ‘ताई म्हणू ना?’ हा प्रश्न सरळ विचारला तर राग येत नाही. कुजबुज आणि हसण्याने येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवेतल्या भेदभावाला मनाई केली आहे.

पेशंट, रुग्ण, क्लायंट, लाभार्थी

लिहिताना आणि एकमेकांत बोलताना ‘पेशंट’ किंवा ‘रुग्ण’ यात मला काहीच वावगं वाटत नाही. घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्था ‘क्लायंट’ म्हणतात. करारावर ठीक आहे, खाटेपाशी नको. उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये एएनएम (तिथल्या नर्सताई) आणि आशाताईंना ‘लाभार्थी’ लिहावं लागतं, तेही रजिस्टरपुरतंच. गरोदर बाईच्या दारात उभं राहून ‘लाभार्थी आहेत का घरात?’ विचारलं तर ती सरकारी चौकशी वाटते.

खटकतो तो माणसाला चिकटवलेला आजार. ‘कुष्ठरोगी’ ऐवजी कुष्ठरुग्ण, ‘वेडा’ किंवा ‘मेंटल’ ऐवजी मानसिक आजाराचे रुग्ण, ‘सुसाइड केस’ ऐवजी ‘काल औषध प्यायलेली मुलगी, नाव अमुक’. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, हे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. त्याहून वाईट लेबलं तोंडी चालतात: नाटकी, किरकिऱ्या, कटकट्या. ती एका ओव्हरमधून दुसऱ्या ओव्हरमध्ये जातात, आणि ‘नाटकी’ बाईच्या छातीत खरंच दुखायला लागतं तेव्हा कुणी पटकन उठत नाही. त्याऐवजी काय झालं ते सांगा: ‘रात्री चार वेळा बेल दाबली, दर वेळी दुखतंय म्हणाल्या.’

मृत्यूनंतरही नाव संपत नाही. ‘बॉडी कधी नेणार?’ हा प्रश्न ज्या मुलाला विचारतो, त्याच्यासाठी ते दहा मिनिटांपूर्वीपर्यंत बाबा होते. ‘बाबांना कधी न्यायचं, कोण कोण येणार आहे?’ एवढाच बदल करा. शवागाराच्या कागदावर लागतो तो शब्द लिहा. अंग पुसताना, पट्टी बांधताना मामांशी बोलतानाही ‘आजोबांचा हात धरा’ म्हणा. पडद्याबाहेर नातेवाईक उभे असतात.

वॉर्डात सुरू कसं करायचं

नवीन स्टाफ जुन्यांकडे बघून शिकते, म्हणून याची सुरुवात इन्चार्ज सिस्टरने स्वतःच्या ओव्हरपासून करावी. परिपत्रक काढू नका, ते फळ्यावर पिवळं पडतं. वहीत हाकेचा रकाना आखा आणि राउंडला डॉक्टर ‘सात नंबर’ म्हणाले की सहज म्हणा, ‘हो सर, सात नंबरच्या लीलाताई. काल रात्री झोपल्या नीट.’ डॉक्टरांना दुरुस्त केल्यासारखं वाटत नाही आणि लीलाताईंनाही ते ऐकू जातं. केरळहून आलेल्या मुली वॉर्डात असतील तर त्यांना मराठी हाकांची यादी करून द्या, आणि मावशी-मामाचा घोळ आवर्जून समजावा. तुमच्यापैकी कुणी जर्मनीला जायची तयारी करत असेल तर उलटा धडा लागेल: तिथे वयस्कर रुग्णाला नात्याने हाक मारत नाहीत, आडनावाआधी ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ आणि आदरार्थी ‘झी’.

आपल्यालाही लोक ‘ए सिस्टर’, ‘ए बाई’ म्हणतात, तेव्हा गप्प बसायचं कारण नाही. ‘माझं नाव वैशाली आहे, वैशाली सिस्टर म्हणा’ असं शांतपणे सांगा. सुरुवातीला नाव सांगितलेलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही. दारू उतरताना शिव्या देणाऱ्याला ते आठवणार नाही. त्याच्याशीही ‘तुम्ही’च, आणि सोबतीला सिक्युरिटी बोलवा.

पहिला आठवडा जड जाईल. विसराल, पुन्हा नंबर तोंडात येईल, बाजूची हसेल. रकाना रिकामा राहिला असेल तर दुपारच्या औषधाच्या फेरीला विचारून भरा. त्या वेळी पूर्ण नाव विचारायला प्रत्येक खाटेपाशी थांबायचंच असतं.